खाणाखुणा

"मला जन्मापासून ऐकू येत नाही."

निवेदनातलं पहिलंच वाक्य बाईंनी मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून समोरच्या पोरीकडे पाहिलं. तेवढ्यात मागचं दार करकरलं. पोरगी चटकन वळली. शिपाई चहा ठेवून गेला. शेजारी बसलेली तिची आई मात्र बाईंच्या तोंडाकडे टक लावून होती.

वा गं वा, बाई मनात म्हणाल्या. दार बरं ऐकू आलं!

पदव्युत्तर प्रवेशासाठी प्रत्येकानं स्वतःविषयी, आपल्या वेगळेपणाविषयी पानभर लिहायचं आणि भेटीला यायचं, अशी त्या कॉलेजातली पद्धत. कागदावर नाव नाही, नुसता क्रमांक. बाईंची सही झाली तर अर्ज पुढे, नाहीतर वर्ष गेलं. वेगळ्या परिस्थितीतून आलेल्यांना चार जागा राखून ठेवलेल्या, त्यामुळे लोकांच्या आयुष्यात काय काय उगवायचं! एका पठ्ठ्यानं तर निवेदनात चक्क जिवंत बापाला मारलं होतं, आणि तोच बाप पुढे फी भरायला आला होता. तेव्हापासून बाईंचा कुणाच्याही दुःखावर काडीचा विश्वास उरला नव्हता.

"शाळेत कसं निभावलंस गं?" त्यांनी गोड आवाजात विचारलं.

पोरीनं आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मैत्रिणींच्या वह्या उतरवून काढायचे. फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्या सरांचा मला फार राग यायचा."

उत्तर झकास होतं. पण त्याआधी आईकडे कशाला बघायचं? इतका वेळ बाईंची नजर कागदावर आणि पोरीवरच होती. आता ती आईच्या मांडीकडे गेली. तिथे आईची बोटं भराभर हलत होती.

अस्सं होय! खाणाखुणा! पोरीला पढवून आणलंय, आणि तेही धड जमलेलं नाही. बाईंना चेव चढला.

"आणि हे काय लिहिलंय? 'शिक्षण मध्येच सुटलं, ते बऱ्याच वर्षांनी पुन्हा धरलं.' तू आत्ता कुठे विशीची. सुटलं कधी, पाळण्यात?"

हसली ती आई. पोरीच्या आधी. तिची बोटं पुन्हा हलू लागली आणि पोरीनं बोलायला तोंड उघडलं.

"आई, हात आवरा आधी!" बाई कडाडल्या. "जिचा अर्ज आहे तिला बोलू द्या."

आईनं एकदम हात गच्च धरले. पोरीचं तोंड मिटलं.

"बोल की. प्रवेश कशाला हवाय तुला?"

पोरगी गप्प. आईच्या थांबलेल्या हातांकडे नुसती बघत राहिली.

"बघा! आईचे हात थांबले, पोरीची वाचा बसली. आणि म्हणे ऐकू येत नाही! माझा शब्द न् शब्द ऐकतेस तू. लाज नाही वाटत? ज्याला खरंच ऐकू येत नाही त्याची जागा खाताय तुम्ही मायलेकी." बाईंनी कागद टेबलावरून परत ढकलला. "मी सही करणार नाही."

आईनं तो कागद पाहिला. तिचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. खुर्ची मागे सारून ती उठली. मांडीवरचे हात आता बाईंच्या नाकासमोर आले आणि उघड उघड, संतापून बोलू लागले. एकही शब्द न गाळता पोरीचा आवाज त्या हातांमागून धावला.

आईचं बोट पोरीकडे वळलं.

"ही माझी मुलगी," पोरगी म्हणाली. "ऐकू हिला येतं. अर्ज माझा आहे, बाई. आणि मघापासून बोलतेय तीही मीच."