बिलीबरोबर एक फोटो

“कोट काढू का रे?” ग्लेनिसनं विचारलं.

“काढ की,” डोळ्यांवरची दुर्बीण न हलवता तिचा नवरा नेव्हिल म्हणाला. “वारा उत्तरेचाच आहे. विमान पलीकडून उतरेल.”

वाऱ्याशी तिला काय करायचंय? कोटाखाली तिनं निळा ड्रेस घातला होता आणि तो बिली रॉसमोरला दिसायला हवा होता. पण हे नेव्हिलला सांगून उपयोग काय! तिनं कोट काढला आणि त्या भुरभुर पावसात कुडकुडत विमानतळाच्या कमरेएवढ्या कुंपणाला खेटून उभी राहिली.

बिली रॉसमोर म्हणजे गाणारा बिली. ग्लेनिस शाळेत होती तेव्हा अख्ख्या इंग्लंडातल्या पोरी त्याच्यावर मरायच्या. हिच्या तर उशाशीच त्याचा फोटो असायचा. पुढं तिनं नेव्हिलशी लग्न केलं आणि जन्माचे रविवार असल्या कुंपणांशी काढले. विमान उतरणार, नेव्हिल शेपटीवरचा नंबर वाचून हरखणार, मग डबा उघडून काकडीचं सँडविच खाणार. झाला रविवार. मागं एकदा राजघराण्यातली कुणी बाई इथंच उतरली, अगदी समोरून हात हलवत गेली. कशी दिसत होती, असं ग्लेनिसनं विचारलं, तर हा म्हणतो, “कोण?”

आता मात्र ती पुरती विटली होती. तिची बहीण पॅम स्पेनला एकटीच राहायची, मजेत ऊन खात. “मी पॅमकडे जाते, कायमची,” असं ग्लेनिस ख्रिसमसला स्पष्ट बोलली, आणि ती बोलली की करणारी बाई. नेव्हिलचं धाबं दणाणलं. मग एक दिवस तो पळतच स्वयंपाकघरात आला. बिली रॉसमोर स्वतःच्या विमानानं इथं उतरणार होता! “तुझा नि त्याचा फोटो काढतो, माझ्या मोठ्या कॅमेऱ्यानं,” तो म्हणाला. नवऱ्याचं खूळ लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या कामी येत होतं. ग्लेनिस विरघळली.

“फोटो मिळाला तर राहते,” ती म्हणाली. “नाही मिळाला तर स्पेन.”

शेजारी घडीच्या खुर्चीत मॉरिस बसला होता, नेव्हिलच्याच पंथातला. “काय ग्लेनिस, तूपण निरोप द्यायला आलीस?” तो म्हणाला. “बरं केलंस. या जातीचं आपल्या देशात बनलेलं हे शेवटचं उडतं विमान. अमेरिकेला विकलंय बिलीनं. संपलं सगळं. नेव्हिलनं तर महिनाभर डोकं खाल्लंय आमचं.”

ग्लेनिस सावकाश नवऱ्याकडे वळली. “म्हणजे तू विमानासाठी आलायस.”

“दोन्हीसाठी,” नेव्हिल म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

“आधी कशासाठी?”

नेव्हिलला खोटं बोलता येत नसे. तो दुर्बिणीच्या काचा पुसू लागला.

तेवढ्यात विमान ढगांतून खाली आलं. कुंपणाशी जमलेल्या सगळ्या म्हाताऱ्या विमानवेड्यांनी टोप्या काढल्या. मॉरिसनं तर चक्क डोळे पुसले. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला हा मख्ख उभा होता. आम्हा इंग्रजांत माणसांसाठी चारचौघांत रडणं बरं दिसत नाही, यंत्रांसाठी चालतं.

विमान थांबलं आणि बिली रॉसमोर खाली उतरला. पोट सुटलेलं, केस मात्र संशय यावा इतके काळेभोर. तो सरळ कुंपणाकडे चालत आला. लगेच सगळे आभाळाकडे बघू लागले. मोठ्या माणसाला त्रास द्यायचा नाही, ओळखलंच नाही असं दाखवायचं, ही आमची रीत. ग्लेनिसनं मनात म्हटलं, खड्ड्यात गेली तुमची रीत.

“मिस्टर रॉसमोर, तुमच्याबरोबर एक फोटो? मी शाळेत असल्यापासून...”

“अहो, काढा की!” बिली तिच्या शेजारी कुंपणाला टेकून उभा राहिला. तोच आवाज.

नेव्हिलनं कॅमेरा उचलला, नेम धरला आणि थांबला. “साहेब, जरा डावीकडे सरकता का? पुढचं चाक झाकलं जातंय.”

ग्लेनिसनं डोळे मिटले. स्पेन, ती मनात म्हणाली. आजच.

बिली मात्र हलला नाही. “चाक?”

“हो. मूळचं नाही ना ते? मूळचं बारीक होतं.”

“अहो, मीच बदललं ते! मूळचं कुठं मिळेचना!” बिली ओरडलाच. “इतक्या वर्षांत एका माणसानं विचारलं नाही हो मला हे. जो येतो तो गाण्यांचं विचारतो. तीन बायका केल्या, तिघींना दर रविवारी विमानं बघायला नेलं, तिघीही सोडून गेल्या!”

मग जे दोघं सुटले! चाकावरून पंखावर, पंखावरून शेपटीवर. ग्लेनिस मधे भिजत उभी. शेवटी बिलीनं खिशातून फोन काढून तिच्याच हातात ठेवला. “बाई, आम्हा दोघांचा एक काढता का? शेपटी सगळी आली पाहिजे हं.”

तिनं काढला. शेपटी सगळी आली. बिली नेव्हिलच्या पाठीवर थाप मारून निघून गेला.

तेव्हा कुठं नेव्हिलच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “ग्लेनिस, तुझा फोटो राहिलाच गं. चुकलो मी.” “पॅमला फोन लावू का?”

ग्लेनिस लांब चाललेल्या बिलीच्या पाठीकडे बघत होती. मग तिचे खांदे हलू लागले. नेव्हिलला वाटलं रडतेय, पण ती पोट धरून हसत होती.

“राहू दे पॅम,” ती म्हणाली. “जन्मभर मनात म्हणत आले, तुझ्याऐवजी बिलीशी लग्न झालं असतं तर! अरे मेल्या, झालं असतं ना, तरी मी आज इथंच भिजत उभी असते.”