नडीचा नंबर

फहमिदाने चिठ्ठ्यांची वाटी सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि दर महिन्याचा प्रश्न विचारला, "बोला बायांनो, कुणाला नड आहे?"

त्यांच्या भिशीचा हा जुना रिवाज. जिला खरीच नड असेल तिने तोंड उघडायचं, बाकीच्यांनी मागे सरायचं आणि त्या महिन्याची भिशी चिठ्ठीबिठ्ठी न काढता तिच्या पदरात टाकायची. कुणीच बोललं नाही तर मग चिठ्ठी. इतकी वर्षं फहमिदा हे विचारत आली होती, पण उत्तर द्यायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. आज ती आली होती.

तिच्या सोन्याच्या बांगड्या सोमवारी लिलावात जाणार होत्या. नवऱ्याने, इलियासने, कुवेतमध्ये ओव्हरटाइम करकरून घेतलेल्या. तो वारल्यावर मुलाने, यासीनने, गाडीचे हप्ते तुंबले म्हणून त्या तारण ठेवल्या. "लगेच सोडवतो अम्मी," म्हणाला होता. इलियास असता तर त्याने व्याजाने पैसे देणाऱ्याच्या दाराकडे बघूही दिलं नसतं. लुंगी सावरत, हातवारे करत तासभर भाषण ठोकलं असतं, आणि तिने ते आनंदाने ऐकून घेतलं असतं.

तिने घसा साफ केला. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधली निशा म्हणाली, "चाची, मला हवाय नंबर. घराचे हप्ते थकलेत. वसुलीची माणसं ह्यांच्या ऑफिसात येऊन बसतात."

"मग माझं काय?" दुसरी म्हणाली. "क्रेडिट कार्डवाले माझ्या सासऱ्यांना फोन करतात."

मग एकेकीला कंठ फुटला. एकीचा सोफा, एकीच्या दिराची रिक्षा, एकीने मुलीच्या साखरपुड्यासाठी मोबाइलवर बोट दाबून घेतलेलं कर्ज. शेवटी कुमुदसुद्धा बोलली. ती लग्न होऊन गव्हाणहून पनवेलला आली तेव्हापासूनची फहमिदाची शेजारीण. "आमच्या हृतिकची बाईक उचलून नेतील भाभी. नातवाचं तोंड बघवत नाय."

आधी सगळ्यांना हसू आलं, मग ते ओसरलं. मागे सरायला कुणी उरलंच नव्हतं.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" निशा उसनं हसली. "सरकारसुद्धा कर्जावरच चाललंय. दरवर्षी वाढतंच त्याचं."

"सरकारच्या दारात वसुलीवाले येत नाहीत, बेटा," फहमिदा म्हणाली. "आणि फेडायची वेळ आली की ते आपल्याकडेच बघणार."

तिला जुन्या पनवेलमधली गल्ली आठवली. तेव्हा वस्तू आधी मनात ठरायची, मग पैसे जमायचे आणि मग कुठे ती टेम्पोतून घरी यायची. कुमुदचा फ्रीज भिशीतूनच आला होता. त्या उन्हाळ्यात आख्ख्या गल्लीने त्यात बर्फ लावला. कुणाचं पन्हं, कुणाचं सरबत, कुणाच्या बाळाचं औषध. कुमुदला स्वतःच्या दुधाला जागा मिळेना, आणि त्याचाच तिला केवढा तोरा! आता करंजाड्याच्या या फ्लॅटांमध्ये प्रत्येकीकडे माणूस उभा राहील एवढा फ्रीज होता, आणि एकीचाही अजून पुरता तिचा झालेला नव्हता. फहमिदाला त्या बर्फाची फार आठवण आली.

"चला, चिठ्ठी काढा," कुमुद म्हणाली. "भाभी, तुमीच काढा. जिला नड नाय तिनं काढलेली बरी. तुमाला कसली नड! भाईंनी कुवेतचं आणून ठेवलंय की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फहमिदाने ओढणी मनगटापर्यंत ओढून घेतली, वाटीत हात घातला आणि हाताला लागली ती चिठ्ठी उघडली.

चिठ्ठीत तिचंच नाव होतं. तिने ते वाचून दाखवलं.

क्षणभर तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. निशा तिच्याकडे बघत होती. सगळ्याच बघत होत्या. आजवर तिचं नाव निघालं की ती हसून म्हणायची, "मला कुठे घाई आहे? जिला हवंय तिने घ्या." आताही ती तेच म्हणेल म्हणून सगळ्या थांबल्या होत्या. बिचाऱ्यांचं काही चुकत नव्हतं.

"काय आणणार भाभी?" कुमुदने विचारलं. नंबर लागलेलीला हे विचारायचंच असतं, म्हणून तिने विचारलं.

फहमिदाने निशाकडे बघायचं टाळलं. ओढणीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि रिकामी मनगटं वाटीशेजारी सतरंजीवर ठेवली.

"माझ्याच बांगड्या," ती म्हणाली.