भुकेचा आकडा

"आता सांगा मावशी, भूक किती लागलीय? शून्य ते दहा."

मावशींनी समोरच्या पट्टीकडे पाहिलं, मग संशोधक मॅडमकडे, मग हातातल्या रिकाम्या पेल्याकडे. मघाशी पेल्यात पाण्यात कालवून दिलेली कोलॅजेनची पावडर होती की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी काही, हे त्यांना माहीत नव्हतं. मॅडमनाही माहीत नव्हतं म्हणे. ती पावडर प्यायल्यावर रक्तातली भुकेची संप्रेरकं कमी-जास्त होतात का, हे त्या शोधत होत्या. मावशी लॉन्ड्रीत दिवसभर उभ्यानं इस्त्री करायच्या. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी "याल का?" विचारलं, म्हणून आल्या होत्या.

"शून्य."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मागच्या खेपेलाही प्रत्येक वेळी शून्यच म्हणालात. आता तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. भूक लावणारं संप्रेरक चांगलंच वाढलेलं होतं. रक्त म्हणतंय भूक आहे, तुम्ही म्हणताय नाही. मी कोणाचं खरं मानू?"

मावशी ओशाळल्या. चोरी पकडली गेल्यासारखं झालं, पण चोरलं काय तेच समजेना. "खोटं नाही हो बोलले मी."

"तसं नाही म्हणत. घरी भूक कधी लागते तुम्हाला?"

"पोरांचं, ह्यांचं, सासूबाईंचं जेवण उरकलं की लागते."

"आणि त्याच्या आधी?"

आधी? आधी तर इस्त्री. मावशी विचारात पडल्या. दुपारी कधी कधी पोटात खड्डा पडायचा, हाताला कंप सुटायचा. मग त्या तांब्याभर पाणी पिऊन पुढचा शर्ट ओढायच्या.

"मॅडम, पोटात खड्डा पडतो ना... ते पित्तच ना?"

मॅडम सांगणारच होत्या, पण उत्तर सुचवायचं नाही, असा नियम होता. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? इतकी वर्षं पित्तच वाटत होतं."

खड्डा आत्ताही होता. मावशींचं बोट पट्टीवर शून्यावरून निघालं, चारावर थबकलं, सातापर्यंत गेलं, परत मागे आलं. मोठा आकडा सांगावा तर बाई हावरट दिसणार, शून्य सांगावं तर रक्त चुगली करणार. शेवटी डोळे मिटून त्यांनी बोट टेकवलं. नऊवर.

"जास्त झालं का?"

"जास्त-कमी असं काही नसतं, मावशी."

रक्त घेऊन झालं आणि जेवण आलं. भात, भाजी, उकडलेली अंडी, केळं. "पोट भरेपर्यंत खा. संपलं तर आणखी देते," मॅडम म्हणाल्या.

"तुमचं झालं जेवण?"

"माझं मागाहून."

"मग मी आधी कशी..." मावशी दाराकडे बघत राहिल्या. दुसरं कोणी यायचं नव्हतं. पहिले घास त्यांनी चोरट्यासारखे खाल्ले. मग हात सैल झाला. ताट रिकामं झालं, मॅडमनी वाढलं. तेही संपलं, पुन्हा वाढलं. तिसऱ्या ताटाच्या मध्यावर मावशींना धाप लागली. कपाळावर घाम आला, तरी त्या पुढचा घास कालवतच होत्या.

मॅडम घाबरल्या. "मावशी, अजून भरलं नाही पोट?"

"भरलं की! मघाशीच भरलं. तडस लागलीय आता."

"मग थांबला का नाहीत?"

मावशींचा हात भातात तसाच राहिला. त्या भांबावून मॅडमकडे बघत म्हणाल्या,

"घरी पातेलं रिकामं झालं की माझं जेवण संपतं. तुमचं पातेलं रिकामंच होत नाही."