खैराची मूठ

जंगलाच्या ठेकेदाराचा खून केला म्हणून बदलापूरकडच्या डोंगरातल्या नवसूवर ठाण्याच्या कोर्टात खटला चालला होता. बाप झाडाखाली चिरडून मेला, तेव्हापासून हा पोरगा कुणाशी चकार शब्द बोलला नव्हता. पिंजऱ्यातही खाली मान घालून गप्प उभा होता. त्याच्या वकिलांची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती. ठेकेदाराच्या प्रेताजवळ सापडलेला कोयता नवसूचाच, असं कुणी सांगू शकत नव्हतं. तसले कोयते वाडीत घरोघरी होते.

नवसू त्या दिवशी घरीच होता, एवढंच सांगायला वकिलांनी त्याच्या आईला, आवडीला, उभं केलं. तिने ते नीट सांगितलंही. मग सरकारी वकिलांनी तो कोयता तिच्यापुढे धरला.

"हा ओळखतेस का, बाई?"

आवडीने मुठीवरून अंगठा फिरवला. कोर्टात आल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला.

"आमचाच हाय, सायेब. ही खैराची मूठ याचे बापानी घातलीय."

मग तिने पिंजऱ्याकडे बघितलं.

 

"द्या ना त्याचे हातात. मंग बोलंल तो."