मिस्त्रींच्या हातचा बंब

डॉक्टरांच्या धाकटीला जुळं झालं, त्याच वर्षी त्यांच्या कपाटातल्या आगीच्या बंबाला तडा गेला. जुळ्यांची बातमी त्यांनी गावभर केली. तड्याची बायकोलाही सांगितली नाही.

डॉक्टर दातांचे. छोट्या मोटारगाड्या जमवण्याचा नाद त्यांना साडूंनी लावला. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, ओतशाळेत मिस्त्री होते. जस्त वितळवायचं, साच्यात ओतायचं आणि खेळण्यातल्या गाड्या काढायच्या, यात त्यांचा जन्म गेला. ओतशाळा कधीच बंद पडली, पण त्यांच्या हातच्या गाड्या हौशी लोक अजून शोधत फिरत. तो लाल, तळहाताएवढा बंब मिस्त्रींनी स्वतः ओतून डॉक्टरांना लग्नात दिला होता.

जस्तात चुकून शिसं मिसळलं, तर गाडी काही वर्षं ठणठणीत दिसते. मग आतून फुगते, तडकते, आणि शेवटी तिची राखाडी भुकटी होते. मिस्त्री छातीवर हात मारून सांगत, "माझ्या धातूत शिसं? अहो, पोटच्या पोरांवर ठेवली नाही एवढी नजर मी मुशीवर ठेवली!"

पण त्यांच्याच गल्लीतला चष्मेवाला, तोही गाड्यांचा नादी, सांगत सुटला होता की मिस्त्रींच्या हातचे त्याचे दोन्ही ट्रक फुटले. मिस्त्री तेव्हा अंथरुणाला खिळलेले. हे कानावर गेलं आणि त्यांना अन्न गोड लागेना.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुमचा बंब आणा. त्या चष्मेवाल्यालाही बोलवा. त्याच्यासमोर वाजवून दाखवतो आणि मग खुशाल मरतो."

"आणतो की, दादा. जरा पुसूनबिसून आणतो."

घरी येऊन डॉक्टरांनी बंब उचलला, तर मागची दोन्ही चाकं शिडीसकट हातात आली. आता मात्र बायकोला सांगावं लागलं.

"मग खरं काय ते सांगून टाका त्यांना," ती म्हणाली.

"सांगितलं तर आजच जातील ते. जन्मभर एकाच गोष्टीचा तोरा मिरवला माणसानं."

डॉक्टरांनी दवाखान्याला सुट्टी दिली. तुकडे मेणानं जोडले, प्लॅस्टरचा साचा घेतला आणि त्यात कवळीचा मसाला ओतला. साच्यातून गुलाबी बंब निघाला.

बायकोनं निरखून पाहिलं. "हा आता हसेल की काय, असं वाटतंय."

"रंग दिल्यावर नाही हसणार."

"माझ्या बाबांच्या कवळीला वर्ष लावलंत. बंबाला मात्र दोन दिवस!"

"बाबांचं तोंड सारखं चालूच असायचं. साचा घेऊ कसा?"

वजनासाठी डॉक्टरांनी बंबाच्या पोटात शिसं भरलं. ज्यानं घात केला त्यालाच कामाला लावलं. लाल रंग चढला, जुना वाटावा म्हणून दोनचार ओरखडे काढले. बायकोलाही फरक कळेना.

अडचण एकच होती. मिस्त्री गाडीची परीक्षा डोळ्यांनी करत नसत. समोरच्या दातावर गाडी ठोकायची. धातू असला तर टण. प्लॅस्टिक असलं तर ठक. त्यात ते कधी फसले नव्हते.

डॉक्टरांनी बंब तऱ्हेतऱ्हेनं वाजवून पाहिला. ठक. आतलं शिसं वाढवलं. ठकच. हताश होऊन ते खुर्चीत बसले आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बंबाचा आवाज बदलता येत नसेल, तर दात बदलावेत. मिस्त्रींच्या तोंडातले दात तरी कोणी केले होते?

नवी कवळी त्यांनी जीव ओतून केली. आत धातूची पट्टी, वर चिनी मातीचे दात, बाहेरून हुबेहूब जुनीसारखी. तिच्यावर बंब ठोकला. टण. कंगवा ठोकला. टण. शर्टाचं बटण ठोकलं, तेही टण. डॉक्टर एकटेच नाचले.

"दादा, जुनी सैल झालीय. 'स' म्हणताना शीळ वाजते," कवळी देताना ते म्हणाले. "चारचौघांसमोर बोलायचंय तुम्हाला. ही घाला."

"किती करता हो माझ्यासाठी!" मिस्त्री म्हणाले.

रविवारी चष्मेवाला आला. मिस्त्रींच्या बायकोनं, ताईंनी, त्यांना उशांना टेकवून बसवलं. डॉक्टरांनी खिशातून बंब काढला. चष्मेवाल्यानं बंब उलटासुलटा केला, हातात तोलला.

"वजन तर आहे," तो नाइलाजानं म्हणाला.

"द्या इकडे."

मिस्त्रींनी बंब दातावर ठोकला आणि क्षणभर डोळे मिटले.

"टण!" ते ओरडले. "ऐकलंत?"

"ऐकलं!" डॉक्टर म्हणाले. "ऐकलं ना!" ताई म्हणाल्या.

चष्मेवाल्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "हो, म्हणजे, ऐकलं मीही," तो म्हणाला. "माझ्याच घराला ओल असेल, तिनंच ट्रक फुटले असतील. चुकलो, मिस्त्री."

"शिसं नाही हो त्यात, शिसं नाही!" मिस्त्री म्हणाले. बारीक शीळ वाजली. नव्या कवळीची सवय व्हायला वेळ लागतोच, असं डॉक्टरांच्या मनात आलं.

निघताना मिस्त्रींनी त्यांचा हात दाबून धरला. "बंब छान सांभाळलात, डॉक्टर. मला नसतं जमलं."

त्या दिवसापासून मिस्त्री पोटभर जेवू लागले. पुढच्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी, दुपारच्या झोपेत ते गेले. आठवड्यानं ताईंनी डॉक्टरांच्या हातात एक डबी ठेवली. "ही तुमची नवी कवळी. टोचायची म्हणून त्यांनी कधी घातलीच नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मला बोलू देत नव्हते. बंब आणलात ना, त्या दिवशीही तोंडात जुनीच होती."