कुंडी तीच

"शंभरातून सात वजा करत जा, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." मोजणीदार न अडखळता दोनपर्यंत आले. "आता थांबू, की उण्यात उतरू?"

जन्मभर जमिनी मोजल्या, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. डॉक्टरीणबाईंनी हसून कागदावर आणखी एक खूण केली. तारीख, वार, घराचा पत्ता, घड्याळाचं चित्र, सगळं बरोबर आलं होतं. एवढ्यावर कोणाही मुलाला हायसं वाटलं असतं. यांच्या मुलाला वाटेना.

"आकड्यांचं सोडा, डॉक्टर. आकडे त्यांना झोपेतही येतात," तो म्हणाला. "त्या झाडाचं विचारा."

खिडकीशी एका जुन्या, काठाला टवका उडालेल्या कुंडीत खांद्याएवढा पाम होता.

"बावीस वर्षं स्वतः वाढवलाय त्यांनी. पण ऑपरेशन होऊन घरी आले, तेव्हापासून रोज एकच. म्हणे हे माझं झाड नाही, कोणीतरी बदललंय. आता पामची चोरी करायला कोण येतंय आमच्याकडे?"

"काका, हे झाड तुमचं नाही?"

"कुंडी माझी आहे," मोजणीदार म्हणाले. "झाड माझं नाही."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. मुलाने 'बघा' अशा अर्थाने हात पसरले.

"माझं केंटिया जातीचं होतं," मोजणीदार शांतपणे सांगू लागले. "देठ हिरवागार, पान कमानीसारखं खाली झुकलेलं. वर्षाला दोन पानं द्यायचं, तीही उपकार केल्यासारखी. हे अरेका आहे. देठ बघा, हळद माखल्यासारखे पिवळे. आणि दोन महिन्यांत चार पानं काढून मोकळं झालंय. बावीस वर्षं जे मुंगीच्या पावलांनी वाढलं, ते आताच कसं काय धावत सुटेल?"

"बाबा, पाम तो पाम! ऊन लागलं की पिवळं पडतंच." मुलगा बायकोकडे वळला. "तू तरी सांग गं त्यांना."

सून दाराला टेकून उभी होती. ती फरशीकडे बघत राहिली.

कागदावर शेवटचा प्रश्न उरला होता. ओळखीच्या वस्तू ओळखतात का? तिथे 'नाही' पडलं की एक तारखेपासून शहराबाहेरच्या वृद्धनिवासातली खोली नक्की होणार होती. मुलगा वाईट नव्हता. घाबरला होता. दिवसभर घरात कोणी नसतं, आणि आज झाड ओळखलं नाही, उद्या गॅस चालू ठेवून बाहेर पडले तर, हा विचार त्याची पाठ सोडत नव्हता.

मोजणीदारांना खोलीबद्दल ठाऊक होतं. त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

"लिहा, डॉक्टर," मग ते म्हणाले. "गेला आठवडाभर मीही बघतोय. कपाट, आरसा, ही खुर्ची. हे तरी माझंच आहे ना, म्हणून हात लावून बघतो. मुलगा माझ्याशी खोटं बोलणार नाही. सूनबाई तर नाहीच नाही. मग राहिलं कोण? मीच. लिहून टाका."

डॉक्टरीणबाईंनी पेन टेकवलं.

"बाबांचं बरोबर आहे," सून म्हणाली.

"उगाच त्यांची बाजू घेऊ नकोस," नवरा वैतागला. "हे काय लाड करायचे दिवस आहेत?"

"बाजू घेत नाहीये. झाड मी मारलं." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "बाबा दवाखान्यात होते. जाताना बजावून गेले होते, आठवड्यातून एकदाच पाणी, तेही मातीत बोट घालून कोरडं लागलं तर. मला वाटलं, माझ्या हातून सुकलं तर यांना तोंड कसं दाखवू? म्हणून रोज पाणी घातलं. दोन-दोनदा. मुळं कुजली. तिकडचे डॉक्टर म्हणत होते, मनाला धक्का लागू देऊ नका. मग नर्सरीतून त्याच उंचीचं आणलं आणि त्याच कुंडीत लावलं. नर्सरीवाला म्हणाला, कोणाला पत्ता लागणार नाही."

"दोन महिने?" नवरा म्हणाला. "अगं, दोन महिने तू..."

"आज सांगते, उद्या सांगते, करत राहिले. मग तू डॉक्टरांना बोलावलंस, आणि माझी जीभच उचलेना."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं.

मोजणीदार काठी टेकत उठले आणि सुनेसमोर येऊन उभे राहिले. तिने मान खाली घातली. बावीस वर्षांचं झाड होतं. ते जे काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

"मेलं?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"नक्की मेलं? मुळापासून?"

"हो. मीच टाकून आले."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. त्यांनी वळून आधी मुलाकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे, आणि सुनेचा हात घट्ट धरला.

"पुन्हा सांग, सूनबाई," ते म्हणाले. "जरा मोठ्याने सांग."