कवळी

विद्यापीठात वकिलीपासून शेतकीपर्यंत सगळं शिकवलं जात असताना धाकटीनं दंतवैद्यक निवडलं, तेव्हा वडील बोळकं पसरून हसले होते. "चला, घरातच गिऱ्हाईक मिळालं तुला!" शेवटच्या परीक्षेसाठी तिला कवळी बनवायची होती आणि ते मोठ्या हौसेनं तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले. मापं झाली, मेणात दात लावून बघितले. कवळी तयार झाली त्याच दुपारी घरी त्यांचं हृदय थांबलं. ती कवळीची डबी घेऊन तशीच धावत आली. आई त्यांच्या उशाशी बसली होती. "सकाळी आरशात हसून बघत होते गं, कवळी येणार म्हणून." लेकीनं हात धुतले आणि हलकेच कवळी बसवली. गाल भरून आले, ओठ सावरले. "लग्नातल्यासारखे दिसतायत," म्हणताना आईला रडू कोसळलं. धाकटी मात्र त्यांच्यावर वाकली आणि सवयीनं विचारून बसली, "बाबा, कुठं टोचत नाही ना?"